अकोल्यातला चक्री जिना

अमरावतीत आमची लोहारकी होती. घरधनी ऐरणीशी बसत, मी भाता ओढायची आणि काम जड असलं की घणही मारायची. त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडचा कापूस मागत होत्या. गाड्या इतक्या वाढल्या की चाकांना लोखंडी धावा चढवता चढवता अंग आंबून जाई. नव्या कामाला सवड नव्हती. तरी अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याचं काम धन्यांनी घेतलं, कारण तसलं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

शेठजींनी मुंबईत एका दलालाच्या पेढीवर लोखंडाचा गोल जिना पाहिला होता. तो कसा असतो ते सांगायला त्यांनी हात वर धरला आणि आमच्या दुकानात स्वतःभोवती फिरत फिरत खाली बसले. "असा. मधात खांब अन् त्याच्या भोवतानं पायऱ्या."

धनी म्हणाले, "घरात लाकडी जिना कावून नाई करत?"

"आतून रस्ता नाई," शेठजी म्हणाले आणि उठून धोतर झटकलं.

त्याचा अर्थ मापं घ्यायला अकोल्याला गेल्यावर कळला. थोरल्या बायकोला मूल नव्हतं म्हणून शेठजींनी दुसरं लग्न केलं होतं. धाकटीसाठी घरावर माडी चढवली होती, पण तिचा जाण्यायेण्याचा रस्ता आपल्या घरातून जाणार नाही, असं थोरलीने बजावलं होतं. म्हणून जिना बाहेरून, मागच्या अंगणात.

खांब मुंबईहून रूळ होते तिथवर आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने अकोल्यात आला. पायऱ्या आम्ही अमरावतीत घडवल्या. पायरी सुपासारखी, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती, आणि निमुळत्या टोकाला खांबात ओवायचं कडं. धनी पट्ट्यांची जाळी करणार होते. मी म्हटलं, "बाई वर चढन अन् खाली गडीमाणसं उभी राह्यतीन. भरीव पत्रा लावा." त्यांनी लावला.

जिना उभा करताना थोरली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. आम्हाला भाकरी आणि अंबाडीची भाजी तिनेच दिली. एकदा तिने मला विचारलं, "रुंद किती हाये?"

"एका वक्ती एकच माणूस जाईन, बाई."

"बरं हाये," म्हणाली आणि आत गेली.

खालच्या पायरीचं तोंड शेठजींच्या सांगण्याप्रमाणे गल्लीच्या दाराकडे ठेवलं. धाकटी पहिल्यांदा उतरली ती शिडीवरून उतरावी तशी, पाठमोरी, दोन्ही हातांनी कठडा धरून. पोरसवदाच होती. आमचे गाडीवान हसले. थोरली हसली नाही.

पावसाळा गेला, काळी माती वाळली, तिला भेगा पडल्या आणि खांब कलला. दिवाळीनंतर शेठजींचा निरोप आला. पाया आम्ही उथळ खणला होता, त्यामुळे पुन्हा जाणं भागच होतं. खांब काढायचा तर आधी कठडा, मग वरपासून एकेक पायरी उतरवावी लागते. सगळं उतरवून भिंतीशी रचलं आणि माडीला शिडी बांधली. धाकटीचे दिवस भरत आले होते. तिला खाली या म्हटलं तर म्हणाली, "खाली कुठं राहू?" शेठजी सौद्यासाठी मुंबईला गेले होते.

दुपारी वरून हाक आली. थोरलीने गड्याला सुईणीकडे पिटाळलं. सुईण आली, पण म्हातारी आणि अंगाने जड. शिडीकडे पाहून म्हणाली, "म्या काई चढत नाई. तिले खाली आना." खाली आणण्यासारखी ती राहिली नव्हती.

थोरलीने शिडी हलवून पाहिली. मग पदर खोचला. "लोहारणी, गडीमाणसांले गल्लीत काढ अन् शिडी धर."

ती चढली. वरून म्हणाली, "तू बी ये." मीही गेले. सुईण अंगणातून ओरडून सांगायची, थोरली ते मोठ्याने परत म्हणायची आणि तसं करायची. धाकटीने तिचं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. मला स्वतःची मुलं होती, म्हणून जे तिला ठाऊक नव्हतं ते मी केलं.

दिवेलागणीच्या आत मूल झालं.

"काय झालं?" खालून सुईणीने विचारलं.

"पोरगी," थोरली म्हणाली. घरात काय धान्य आलं ते सांगावं तशी. पोरीला पुसून तिने स्वतःच्याच पदरात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी धनी पाया खणत असताना ती अंगणात आली. "काढलाच हाये तं आता तोंड इकडं करा." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"शेठजींले इचारा लागन, बाई."

"शेठजी हायेत काय इथं?"

आम्ही मुरूम लागेपर्यंत खणलं, दगड आणि चुना भरला, आणि पायऱ्या तिच्या म्हणण्याप्रमाणे ओवल्या. शेठजी मुंबईहून आले तेव्हा त्यांनी कठडा हलवून पाहिला. "आता हालत नाई," म्हणाले. आणि स्वयंपाकघराकडच्या तोंडानेच माडीवर चढून गेले.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला. अमरावतीतल्या गाड्याही कमी झाल्या आणि आम्ही विळे-कुऱ्हाडींकडे वळलो. जिना पुन्हा कुणी मागितला नाही. एकदा अकोल्याचा एक गाडीवान चाक घेऊन आला, तेव्हा मी त्या घराची चौकशी केली. शेठजींचा धंदा बसला, म्हणाला. मोठी बाई दिवसभर माडीवरच असते, पोरगी तिला खाली येऊ देत नाही.

तोवर त्याच्या चाकाची धाव तापून लाल झाली होती. धन्यांनी हाक मारली आणि मी घण उचलला.