उशिरा येणारा फोन

भूकंपानंतर बांधलेल्या आमच्या लातूरच्या घरात वरच्या खोलीत क्लाससाठी गावाहून आलेली एक मुलगी भाड्यानं राहते. अभ्यासानं मान दुखली की ती मलम चोळते. तो वास जिन्यावरून खाली आला की मला विजूचा गुडघा आठवतो.

विजू माझा मुलगा. फुटबॉलच्या देशभरच्या लीगमधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या एका संघानं त्याला कोलकात्याला बोलावलं होतं. त्याच्या बाबांना तो डॉक्टर व्हायला हवा होता, म्हणून ते बोलेनात. निघायच्या सकाळी मी त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला मलम चोळत होते.

"टीव्हीवर दिसशील का रे?"

"दुसऱ्या डिव्हिजनचं कोण दाखवतंय, आई."

"मग मला कसं कळावं?"

"हरलो की लगेच फोन करीन. जिंकलो तर पोरं नाचत बसतील, उशीर व्हईल. तू समजून घे."

"लई शहाणा हायेस," मी म्हणाले, आणि चोळतच राहिले.

पुढं सामन्याच्या दिवशी फोनजवळ बसून, तो लगेच वाजू नये म्हणून मी देवाला विनवायची.

गुडघ्यानं त्याचा खेळ सुटला. आता तो तिकडंच एका गोदामात नोकरी करतो. काम संपलं की रोज लगेच फोन येतो. "बरा हाय," म्हणतो. मी पहिल्या घंटीलाच उचलते, आणि मनात म्हणते, एकदा तरी उशीर कर, बाळा.