थांबलेला आकडा

काट्यावरच्या बाईंचा जन्म आकडे मोठ्याने वाचण्यात गेला. ट्रकांच्या वजनकाट्यावर त्यांची पत्र्याची केबिन होती. एक खुर्ची, एक कुरकुरणारा पंखा आणि एक खिडकी, एवढाच संसार. ट्रक काट्यावर चढला की समोरच्या डब्यातले लाल आकडे थरथरायला लागत. ड्रायव्हरला घाई असे, तो हॉर्नवर हॉर्न मारी. बाई ढिम्म. आकडा थरथरतोय तोवर खोटा, थांबला की खरा. मग त्या खिडकीतून खणखणीत आवाजात वजन सांगत, आणि त्यावर हुज्जत घालायची कोणाची छाती होत नसे.

नवरा गेला तेव्हाही त्या अशाच ढिम्म होत्या. भेटायला आलेल्या बायकांनी रडवून पाहिलं, दमल्या, चहा पिऊन गेल्या. "घट्ट आहे हो बाई," असं जिना उतरताना म्हणाल्या. घट्ट कसली डोंबलाची! आत काही हलतच नव्हतं. दात काढताना सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. कुकर लागायचा, जेवण व्हायचं, काय जेवलात विचारलं तर सांगता आलं नसतं.

तेव्हापासून दादा त्यांना मैदानावर न्यायला लागला. दादा म्हणजे थोरला भाऊ. जन्मभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर रिमोटवर उडणारी विमानं बनवायच्या नादाला लागला.

"रविवारची भिंतीकडे बघत बसतेस, त्यापेक्षा आभाळाकडे बघ चिमे," तो म्हणाला. "आणि फुकट नाही नेत. काम आहे. आकडे वाचायचे."

विमानाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी असते. विमान किती उंचावर आहे, बॅटरी किती उरली, हे ती खाली कळवत राहते आणि हातातल्या रिमोटच्या पडद्यावर ते दिसतं. त्याला टेलिमेट्री म्हणतात. उडवणाऱ्याने विमानावरची नजर काढून पडद्यात डोकं खुपसू नये म्हणून रिमोट ते बोलूनही दाखवतो. पण दादाला तो आवाज सोसेना. "बँकेच्या फोनमधला माणूस वाटतो मेला," म्हणून त्याने आवाजच बंद करून टाकला, धोक्याच्या इशाऱ्यांसकट. घरचा खणखणीत आवाज असताना परक्याचा हवाय कशाला?

बाई शेजारी उभ्या राहून वाचायच्या. "उंची चाळीस. पंचेचाळीस. बॅटरी बरी आहे." काटा काय, विमान काय, त्यांना फरक नव्हता.

काही रविवारांतच त्यांच्या लक्षात आलं, दादाला दिसत नाही. अगदी आंधळा नव्हता. नजरेच्या मधोमध डाग पडला होता. समोर बघितलं की विमान गायब, मान जरा तिरकी केली की कडेला काहीतरी पुसट काळं. त्याने सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. आकड्यांच्या मध्ये त्या एकेक शब्द घालायला लागल्या, इतकंच.

"उंची तीस. डावा पंख खाली आहे."

"माहीत आहे गं." आणि पंख सरळ व्हायचा.

मैदानावरच्या विमान क्लबचे सेक्रेटरी, पेशाने दातांचे डॉक्टर, दर रविवारी बजावायचे, "ज्याला विमान दिसत नाही त्याने रिमोट धरायचा नाही." दादा सगळ्यांत जोरात मान हलवायचा.

वहिनीला मात्र शंका होतीच. एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "वन्सं, ह्यांना नीट दिसतं ना हो? काल आरशासमोर उभे राहून मलाच विचारतात, भांग सरळ आहे का म्हणून."

"दिसतं की. विमान उतरवतो ना दर रविवारी पीस पडल्यासारखं."

थाप वजनासारखी सहज बाहेर पडली. खरं सांगितलं असतं तर दादाचं आभाळ गेलं असतं आणि बाईंचा रविवार. लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

त्या रविवारी विमान झाडांच्या रांगेपलीकडे गेलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून बाईंनी वर बघणं सोडून पडद्यातच बघितलं.

"उंची बासष्ट."

"पुढे?"

"बासष्ट." जरा वेळाने पुन्हा, "बासष्टच."

"वा! काय शांत हवा आहे आज," दादा म्हणाला.

हवेत कुठला आकडा असा टिकतो? वर जाईल, खाली येईल, निदान एका मीटरने तरी डुलेल. दादाला हे पाठ होतं, पण बहिणीच्या आवाजावर त्याचा भरवसा होता. आणि बाईंच्या हिशेबी आकडा थांबला म्हणजे खरा झाला. उलट किती महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटलं. झाडांआड गेलेल्या विमानाकडून काही येईनासं झालं होतं आणि पडदा शेवटचा आकडा तसाच धरून बसला होता. कोपऱ्यातली सिग्नलची खूण विझली होती. तिकडे बघतंय कोण! विमान अजून दादाचं ऐकत होतं. बासष्ट मीटर हाताशी आहेत असं समजून त्याने पुढचा आकडा न विचारताच ते निवांत गोल गोल खाली आणलं.

झाडांमागून काड्कन आवाज आला, मग शिव्या.

झाडांपलीकडच्या गोदामाच्या आवारात ट्रकच्या सावलीत एक ड्रायव्हर झोपला होता. विमान त्याच्या उशालगत आपटलं होतं. मोडका पंख हातात घेऊन तो तणतणत आला. "कोणाचं हे? कवटी फुटली असती माझी!"

सेक्रेटरींनी दादाकडे बघितलं. "झाडामागे गेलं तेव्हा दिसत होतं ना तुम्हाला?"

"उन्हामुळे जरा..." दादा म्हणाला. सगळे ते मानायला तयार होते. ऊन होतंच.

बाईंची नजर त्या ड्रायव्हरच्या केसांवर होती. त्यात विमानाच्या थर्माकोलचे पांढरे दाणे अडकले होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"दादाला दिसत नाही," बाई म्हणाल्या. आवाज काट्यावरचाच. "वर्षभर मी सांगते आणि तो वळवतो. आज मी चुकीचं वाचलं."

दादाने रिमोटचं बटण चाचपडत शोधलं आणि बंद केलं.

घरी चालत जाताना तो म्हणाला, "मी आपला समजत होतो, तुझ्यासाठी नेतोय तुला."

"मी तुझ्यासाठी येत होते."

"म्हणजे दोघंही उपकारच करत होतो. आता बिल कोणाला पाठवायचं?"

बाईंना हसू आलं नाही. दादानेही वाट पाहिली नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी काट्यावरची जादा पाळी मागून घेतली. दादा जेवणाचा डबा घेऊन आला आणि केबिनच्या पायरीवर बसला. एक ट्रक चढला. लाल आकडे थरथरले, हळूहळू थांबले. बाई बघत राहिल्या. आकडा हलत नव्हता आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

ड्रायव्हरने हॉर्न मारला. "बाई, झोपलात का?"

"थांबलाय का आकडा?" दादाने मान तिरकी करून विचारलं.

"थांबलाय."

"आणि ट्रक आहे ना काट्यावर?"

बाईंनी खिडकीतून वाकून बघितलं. पुढची चाकं, मागची चाकं.

"आहे."

"मग सांग की त्याला."

बाईंनी वजन सांगितलं. आवाज चिरकला. ड्रायव्हर म्हणाला, "काय?" आणि त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.