खाटेखालचं बियाणं

चाळीत मला 'बटाटे मास्तर' म्हणत. मी मास्तर नव्हतो, माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतला मदतनीस होतो. बटाट्याचं मात्र खरं होतं. चार वर्षं तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या हाताखाली मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

खेडकडच्या बटाट्याला तेव्हा बांगडी लागत असे. हिरवंगार झाड उभ्या उभ्या मान टाकायचं आणि बटाटा कापला की आत तपकिरी कडं. रोगातूनही जी झाडं तगत, त्यांचंच बी आम्ही तिथल्या शेतकऱ्यांच्या वावरात दर हंगामाला वाढवत होतो. त्या वर्षी ते दोन पोती भरलं. शीतगृहातून काढून गावाकडे पाठवायचं, म्हणून एका रात्रीपुरती पोती माझ्या नायगावच्या खोलीत आणली. दुसऱ्या दिवशी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली.

गिरण्या बंद, रेशनचं दुकान बंद. चाळीतले डबे एकेक करून रिकामे झाले. मी खाटेवर बसून खाली ठेवलेल्या पोत्यांची राखण करत होतो.

"मुंबई मिळेल एकवेळ, मास्तरचा बटाटा नाय मिळणार," गॅलरीत कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

शेजारच्या वहिनी दारात आल्या. मोर्चात त्यांच्या नवऱ्याला पकडून नेलं होतं. "मास्तरानू, पोरां कालपासना नुसत्या चायवर आसत."

"वहिनी, ते बियाणं आहे."

"बियाणा म्हणजे काय ता माका कळता. माज्या बापाशीची शेती आसा. म्हणान तर काल इचारूक नाय."

मला भयंकर संताप आला. सरकारवर, सरांवर, दारात उभ्या असलेल्या त्या बाईवरसुद्धा. शिव्या द्याव्यात असं कोणी समोर सापडेना, म्हणून पोतंच फरफटत बाहेर ओढलं. एका घराला दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? मग दुसरंही पोतं फोडलं. विळी घेऊन मीच चिरायला बसलो. बायका पातेली घेऊन येत होत्या आणि मी प्रत्येक बटाटा दोन फाकी करून उजेडात धरत होतो. एकात तरी बांगडी निघावी, म्हणजे जीव थंड होईल, असं वाटत होतं. एकातही निघाली नाही. सगळे आतून पांढरेशुभ्र होते. आमचं बी जमलं होतं आणि ते मजल्यामजल्यावरच्या स्टोव्हवर शिजत होतं. मी विळीवर बसूनच रडलो. बायकांना वाटलं, मी उपाशी आहे. त्यांनी मला आधी वाढलं.

संचारबंदी उठल्यावर खेडचा शेतकरी पत्ता शोधत आला. ज्यांनी वावरं दिली होती, त्यांतला सगळ्यात वयस्क तोच. रान नांगरून तयार आहे, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. रागावेल, निदान आवाज चढवेल, या आशेने सांगितलं. तो उंबऱ्यावर टेकला.

"चवीला कसा व्हता, सायेब?" त्याने विचारलं. "बी मोडायचं नाय म्हनून आमी घरात कुनाला चाखूबी दिला नाय."

चांगला होता, असं मी सांगितलं.

"मंग ठीक," तो म्हणाला, आणि परतीची गाडी कधी आहे ते विचारू लागला.