इरुबदु की अरुबदु

तमिळमध्ये वीस म्हणजे ‘इरुबदु’ आणि साठ म्हणजे ‘अरुबदु’. मी राहते त्या वेस्ट मांबलमच्या भाजीवालीशी चार वर्षं हुज्जत घालून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. आकडे तरी आपल्याला पक्के येतात, असा माझा समज.

बाबा मिरजेहून महिनाभर माझ्याकडे राहायला आले आणि न्यूमोनियानं आडवे झाले. आयसीयूत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी छाती भात्यासारखी हलत होती. सकाळी त्यांचा सीटी स्कॅन काढला. तिथे फुप्फुस किती खराब झालंय ते कॉम्प्युटरच मोजतो. खराब भाग लाल रंगवतो आणि टक्के सांगतो. मी दाराशीच उभी होते. टेक्निशियन बाहेर आला, “अरुबदु परसेंट, मा,” म्हणाला आणि घाईनं निघून गेला. मी ऐकलं इरुबदु. घाबरलेलं माणूस हवं तेच ऐकतं, दुसरं काय!

लगेच आईला फोन लावला. ती मिरजेत बॅग भरूनच बसली होती.

“अगं, वीसच टक्के! धावपळ करू नकोस, तुझे गुडघे आधीच बोलतायत.”

“थांब, देवापुढे साखर ठेवते,” म्हणत तिनं फोन ठेवला.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. व्हेंटिलेटर लावायचा, घशात नळी घालायची, सही करा. माझा पाराच चढला. “वीस टक्क्यांसाठी नळी? अहो, माणूस बोलतोय अजून!” मी इंग्रजीत तावातावानं भांडले. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. दोन्ही फुप्फुसं अर्ध्याहून जास्त लाल.

“वीस नाही, साठ,” त्या म्हणाल्या.

बाबा आता जातात, एवढंच डोक्यात. मी सही केली.

नळी घालण्याआधी दोन मिनिटं भेटू दिलं. बाबांनी मास्क जरासा उचलला. “तुझी आई... निघाली का गं?”

“निघालीय, बाबा,” मी म्हणाले.

आई तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून निर्धास्त जेवायला बसली असेल. मग मी पुन्हा फोन केला; पोचली ती दुसऱ्या दिवशी. बाबा पुन्हा न बोलताच गेले.

“वीसच टक्के म्हणून तुला सांगितलं तरी कुणी?” आई अजून विचारते.