बेडकाची तपासणी

सिंधूताई गेल्याची तार अमरावतीला आली तेव्हा मी भाकरी थापत होते. ताई माझी नणंद, अकोल्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. रडू यायला हवं होतं, पण आधी आठवली ती माझी धाकटी बहीण कमल... अजून दोघींचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

कमलची सोयरीक अकोटला जुळली होती. त्याच दिवसांत तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, म्हणून आई आणि मी तिला ताईंच्या दवाखान्यात नेलं. ताईंनी तिच्या हातात बाटली दिली. "लघवी कायले पायजे वो?" आईनं विचारलं. "पोट दुखते म्हणणाऱ्या साऱ्याच बायायची घेतो, मावशी. कुवारी असो का म्हातारी." ती लघवी बेडकाला टोचतात आणि बाईला दिवस गेले असतील तर बेडकावरून कळतं, हे मात्र ताईंनी सांगितलं नाही. तसं काही निघालं नाही. अपेंडिक्स होतं, ऑपरेशन झालं, कमल वाचली. पण वॉर्डातली आया नवऱ्या मुलाच्या नात्यातली होती. चार दिवसांत अकोटहून निरोप आला, "बेडूक लावा लागलेली पोरगी आमाले नको." कमलचं लग्न पुढंही झालं नाही.

मी भांडले नाही, मला ते जमत नाही. ताईच म्हणाल्या, "वहिनी, गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढून फुटला तं बाई पाहता पाहता जाते. पातूरची एक विधवा अशीच गेली, लाजेपायी तिले कोणी इचारलंच नाई. आता तोंड पाहून कोणाले सोडू?" तेव्हा मला पटलं. घरी येऊन कमलचं तोंड पाहिलं आणि पटेनासं झालं.

तेराव्याला कमल आली. ताईंच्या अकोल्याच्या खोलीत आम्ही दोघी त्यांचे कपडे आवरत होतो. मी कसंबसं विचारलं, "तुले ताईचा राग येते काय वं?"

"घेतली ते ठीकच केलं. मी मेली असती तं? पण बाटली माह्याच हातात होती ना... कायले पायजे, ते मले तरी सांगाचं होतं."

"सांगितलं असतं तं देली असती?"

कमलनं ताईंच्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीची नीट घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवली. का नेते आहेस, असं माझ्या ओठांवर आलं होतं... मी विचारलं नाही.