पेनल्टीआधीचा क्षण

पाऊस ओसरला की अंबरनाथच्या आमच्या मैदानावरचा चिखल सुकू लागतो आणि तुडवलेल्या गवताचा हिरवट वास कारखान्यांकडून येणाऱ्या आंबूस दर्पात मिसळून सकाळभर अंगाला चिकटून राहतो. त्या वासात अकरा वर्षं मी कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवलं. वर्गात भूगोल, मैदानावर फुटबॉल. दोन्ही विषय पोरांनी सारख्याच सहनशीलतेने ऐकले. यंदा प्राचार्यांनी प्रशिक्षणाची रीतसर पदवी असलेल्या अश्विनीला मुख्य प्रशिक्षक नेमलं आणि मला 'मार्गदर्शक' केलं. मार्गदर्शकाने बाकावर बसायचं आणि पाण्याच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायचं.

अश्विनी बदलापूर गावातली, शेतकऱ्याघरची, माझ्या निम्म्या वयाची. पहिले पंधरा दिवस तिने पोरांना गोलवर चेंडू मारूच दिला नाही. नुसते छोटे छोटे पास. मी मनातल्या मनात हसत होतो. पहिला सामना आम्ही हरलो तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आणि दुसरा जिंकलो त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "उद्या पोरं हरली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हीच बघा, सर." बरोबरी झाली तरी संघ पुढच्या फेरीत जाणार होता.

सामना उल्हासनगरला होता. ऑक्टोबरच्या उन्हात मैदानामागच्या दुकानांचे पत्रे डोळ्यांना सोसवत नव्हते, आणि त्या झगझगाटात एक-एक अशी बरोबरी शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत कशीबशी तगून राहिली असताना आमच्याच गोलसमोर आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. त्यांचा कप्तान चेंडू ठेवू लागला. या भागातल्या स्पर्धांत त्याला मी तीन वर्षं पाहत आलो होतो. दडपणाखाली तो कुठे मारतो, हे मला घरच्या पत्त्याइतकं पाठ होतं.

अश्विनी धावत बाकापाशी आली. "सर, हा कुठं मारतो? तुम्ही बघितलंय ना त्याला?"

गोलमधून आमचा जय, उल्हासनगरचाच सिंधी मुलगा, हात पसरून ओरडला, "सर, बोलो ना! किधर?"

जयच्या डाव्या हाताला, खाली. एवढंच सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते, पण त्याच क्षणी मला पुढच्या वर्षीची सकाळ दिसली, माझ्यासमोर रांगेत उभी राहिलेली पोरं दिसली, आणि मी थांबलो. किती वेळ? एका श्वासाइतका. पंचांनी शिट्टी वाजवली. मी "डावीकडे!" म्हणालो तोवर जय उजवीकडे झेपावला होता आणि चेंडू दुसऱ्या कोपऱ्यातून जाळ्यात गेला होता.

पोरं मैदानातच बसली. जय गुडघ्यांत डोकं घालून रडत होता आणि मला त्याच्याजवळ जाता येईना. अश्विनीने एकेकाच्या पाठीवर हात ठेवत सगळ्यांना उठवलं, मग माझ्या शेजारी येऊन बुटांच्या नाड्या सोडू लागली. "मनाला लावून घेऊ नका, सर," ती म्हणाली. "इतक्या पोरांचा खेळ बघितलाय तुम्ही. आठवायला वेळ लागतोच."

खिशातला फोन वाजू लागला, काढून पाहिला तर प्राचार्यांचा. मला आठवायला क्षणही लागला नव्हता, आणि हे सांगता येईल इतक्या जवळ ती अजून बसलेली होती.