चार गुण आणि कोरी चौकट

मंडळी, आज पुन्हा चार. दहापैकी.

आमच्या फोटो क्लबच्या ऑनलाइन स्पर्धेचा निकाल दुपारी लागला. हावड्याच्या फेरीघाटावर सलग तीन रविवार सकाळी जाऊन मी तो फोटो मिळवला होता. बोटीतून उतरणाऱ्या गर्दीत एक आजोबा मध्येच थांबून चष्मा पुसतायत. गुण चार, आणि शेऱ्याची चौकट कोरी. ही पाचवी स्पर्धा. अहो, काय चुकतंय ते तरी सांगा.

संध्याकाळी घरी हेच पुटपुटत होते. मुलगी इथेच कोलकात्यात वाढलेली. तिने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "आई, तू बाकी लोकांना काय लिहिलीस?"

आमच्याकडे वेगळे परीक्षक नसतात. भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांच्या फोटोंना गुण द्यायचे, नावं न कळता. माझ्या वाट्याचे तीस फोटो मी न्यू टाउनच्या ऑफिसला जाताना बसमध्ये उरकले होते. शेरा एकालाही लिहिला नव्हता.

शेरा अजूनही लिहिता येतो, म्हणून एक फोटो पुन्हा उघडला. एस्प्लनेडच्या फुटपाथवर मोजे विकणारी बाई, जांभई देताना. त्याला मी चारच दिले होते. म्हटलं, निदान या एकाला तरी कारण कळू दे.

अर्धा तास बसले. "फोटो छान आहे, पण" एवढंच लिहून झालं. पुढचं मला खरंच माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का, त्या "पण"नंतर काय लिहायचं असतं?